हवा बिघडली की हिशेब चुकतो

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मराठीत एक जुना आणि फार शहाणा शब्द आहे, हवापालट. आजारपण रेंगाळले, मन लागेनासे झाले, कामात चित्त राहीना, की घरातली वडीलधारी माणसे म्हणत, 'चार दिवस हवापालट करून ये.' मुंबईची माणसे त्यासाठी माथेरान, लोणावळा, देवळाली गाठत. तशीच थळघाट चढून इगतपुरीलाही येत. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंची, चहूबाजूंनी सह्याद्रीचे डोंगर आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. बाजारात विकत मिळत नाही अशी हवा घ्यायला लोक इथे येत.

त्या एका शब्दात आपल्या वाडवडिलांनी एक गोष्ट गृहीत धरली होती. हवेचे नाते नुसते छातीशी नाही, ते डोक्याशीही आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत संशोधकांनी हेच नाते मोजून दाखवायला सुरुवात केली आहे. आज मला त्या मोजमापाविषयी बोलायचे आहे. घाण हवेने खोकला होतो, दमा बळावतो, हृदय थकते, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पण त्याच हवेमुळे गणित चुकते, शब्द वेळेवर आठवत नाहीत, हात मंदावतो आणि त्यातून मजुरी घटते, हे आपण बोलत नाही. आणि बोलत नसल्यामुळे रोज एक अन्याय घडतो. हवेचा दोष आपण माणसाच्या माथी मारतो. पोराला मठ्ठ म्हणतो, मजुराला कामचुकार म्हणतो, म्हाताऱ्याला विसरभोळा म्हणतो. हवेला मात्र कुणी काही म्हणत नाही.

श्वासाचे गाव

इगतपुरीत हा विषय काढायला एक खास कारण आहे. हे श्वासाचे गाव आहे. सत्यनारायण गोएंका यांच्या प्रेरणेने इथे धम्मगिरी हे विपश्यना केंद्र उभे राहिले आणि १९७६ पासून तिथे शिबिरे सुरू झाली. जगाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येतात, दहा दिवस मौन पाळतात. त्यांतले पहिले तीन दिवस एकच काम असते, आपल्या नाकपुड्यांतून आत-बाहेर होणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवणे. मन ताळ्यावर आणायचे तर आधी श्वासापाशी जायचे, ही अडीच हजार वर्षांची परंपरा आहे.

मी कविता लिहिणारा माणूस. विज्ञानाची पदवी माझ्यापाशी नाही. पण शब्दांशी माझे रोजचे येणेजाणे आहे, म्हणून एक शब्द तुमच्यासमोर ठेवतो. 'दम' हा शब्द फारसीतून मराठीत आला. मूळ अर्थ श्वास. आपण त्याचे काय काय केले पाहा. 'दम धर' म्हणजे संयम ठेव. 'त्याच्यात दम आहे' म्हणजे ताकद आहे. 'एका दमात वाचले' म्हणजे चित्त ढळले नाही. आणि 'दमा' हा तर आजारच. संयम, ताकद, एकाग्रता आणि व्याधी हे सगळे भाषेने एकाच श्वासाच्या खुंटीला टांगले. अरबीतही 'नफस' म्हणजे श्वास आणि 'नफ्स' म्हणजे जीव, स्वत्व. संस्कृतातल्या 'प्राण' या शब्दात श्वासही आहे आणि जीवही. भाषांना हे फार पूर्वीच उमगले होते.

शिबिरात श्वास येतो कसा, जातो कसा हे पाहतात. आपण आज त्याच्याबरोबर आत काय जाते ते पाहू.

आत जाते काय?

धूर म्हटला की आपल्याला काळा लोट दिसतो. खरा त्रास देणारा भाग मात्र डोळ्यांना दिसत नाही. त्याला 'पीएम २.५' म्हणतात, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान आकाराचे कण. माणसाच्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. त्याच्या जाडीत असे पंचवीसहून अधिक कण शेजारी शेजारी बसतील. लाकूड, कोळसा, डिझेल, कचरा, उदबत्ती यांतले काहीही जळले की हे कण निघतात.

मोठी धूळ नाकातल्या केसांत, घशातल्या चिकट स्रावात अडकते. शिंकेबरोबर, खाकरण्याबरोबर बाहेर पडते. हे बारीक कण थेट फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथे शरीराची संरक्षण यंत्रणा जागी होते आणि दाह सुरू होतो. या दाहाची रसायने रक्तातून सगळीकडे फिरतात, मेंदूपर्यंतही जातात. सर्वांत बारीक कणांना एक जवळची वाटही आहे. वासाची जाणीव देणाऱ्या नसा नाकाच्या छपरातून सरळ मेंदूकडे जातात, आणि त्या वाटेने हे कण आत शिरू शकतात. २०१६ साली मेक्सिको सिटी आणि मँचेस्टर इथल्या मृत व्यक्तींच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांत मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या एका ऑक्साइडचे, अतिसूक्ष्म गोल कण सापडले. असे गुळगुळीत गोल कण प्रखर उष्णतेत, जळण्यातून तयार होतात.

धुरात आणखी एक वायू असतो, कार्बन मोनॉक्साइड. रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा त्याची ओढ दोनशेपटींहून अधिक. तो जागा अडवून बसतो आणि प्राणवायू ताटकळत राहतो. मेंदूचे वजन शरीराच्या अवघे दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. पुरवठा कमी पडला की पहिली कुरकुर तिथूनच येते. डोके जड होते, लक्ष भरकटते, चिडचिड वाढते.

दीर्घकाळात काय होते, याविषयी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० साली स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत हवेच्या प्रदूषणाचा समावेश केला. २०२४ च्या सुधारित यादीतही ते कायम आहे.

हे मोजतात कसे?

इथे कुणीही सुज्ञ माणूस शंका घेईल. घाण हवेत राहतो तो बहुधा गरीब असतो. त्याला पोटभर अन्न नाही, शाळा धड नाही, झोप पुरेशी नाही. मग तो मागे पडला यात हवेचा वाटा किती आणि गरिबीचा किती? शंका रास्त आहे. संशोधकांनी त्यावर एक साधी युक्ती काढली. एका माणसाची दुसऱ्याशी तुलना करायची नाही. त्याच माणसाची त्याच्याशीच करायची. तोच माणूस, तेच काम, तोच पगार. एका दिवशी हवा बरी, दुसऱ्या दिवशी वाईट. मग कामात फरक पडला तर तो हवेचा.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात बायका-पुरुष नासपतीची फळे खोक्यांत भरतात. मजुरी खोक्यांवर मिळते, म्हणजे कामचुकारपणा केला तर नुकसान स्वतःचेच. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की बाहेरच्या हवेत घनमीटरमागे पीएम २.५ दहा मायक्रोग्रॅमने वाढले, की या कामगारांचे काम सुमारे सहा टक्क्यांनी घटते. कामगार छपराखाली होते. म्हणजे भिंती आणि दारे हे कण अडवत नाहीत.

काम अंगमेहनतीचे नसले तर? चीनमध्ये शांघाय आणि नानतोंग इथे एका प्रवास कंपनीची दूरध्वनी केंद्रे आहेत. काम खुर्चीवर बसून बोलण्याचे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार हवेचा निर्देशांक दहा अंकांनी बिघडला, की दिवसभरात हाताळल्या जाणाऱ्या दूरध्वनींची संख्या ०.३५ टक्क्याने कमी होई. संभाषणे लांबत नव्हती; माणसे जास्त वेळा उठून विश्रांती घेत होती. त्यांना कुणी विचारले असते, तर 'आज जरा कंटाळा आलाय' एवढेच ती म्हणाली असती.

जर्मनीत बुद्धिबळाच्या स्पर्धांमध्ये सभागृहातच हवा मोजणारी यंत्रे ठेवली आणि प्रत्येक खेळी संगणकाकडून तपासून घेतली. कण वाढलेल्या दिवशी त्याच खेळाडूंच्या चुका वाढल्या आणि घड्याळाचा धाक असताना त्या अधिक झाल्या. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २०२५ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. सव्वीस प्रौढांना तासभर मेणबत्तीच्या धुरात बसवले, आणि चार तासांनी त्यांची चाचणी घेतली. अनावश्यक गोष्टी बाजूला सारून हव्या त्या गोष्टीवर लक्ष देण्याची क्षमता उणावली होती. समोरच्याच्या चेहऱ्यावरचा भाव ओळखणेही अवघड झाले होते. घरातल्या संध्याकाळच्या भांडणांचा विचार करताना ही दुसरी गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

चीनमध्येच हजारो लोकांच्या भाषेच्या आणि गणिताच्या चाचण्या २०१० आणि २०१४ साली घेतल्या गेल्या. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ घाण हवेत राहिलेल्यांचे गुण घटले, आणि गणितापेक्षा भाषेचे जास्त घटले. सर्वांत जास्त फटका वय वाढलेल्या, कमी शिकलेल्या पुरुषांना बसला. पन्नाशी ओलांडलेल्या, शब्दांवर जगणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून जरा गप्प बसावेसे वाटले, हे सांगायला हरकत नाही. पण माझ्यापेक्षा काळजी वाटली ती वीटभट्टीवरच्या, रस्त्याच्या कडेला आयुष्य काढलेल्या माणसाची. त्याच्यापाशी आधीच शब्दांची पुंजी थोडी; कर्जाच्या कागदावर काय लिहिले आहे, औषधाची गोळी केव्हा घ्यायची, हे समजायला त्याला तेवढीच लागते.

एका पेपरची किंमत

परीक्षेचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. इस्रायलमध्ये आपल्या बारावीसारखी मोठी परीक्षा असते. २००० ते २००२ या वर्षांतील तिचे निकाल आणि त्या त्या दिवसाची हवा संशोधकांनी जोडून पाहिली. एकाच विद्यार्थ्याचे वेगवेगळे पेपर वेगवेगळ्या दिवशी होतात. धुरकट दिवसाच्या पेपरात त्याचे गुण कमी आले. गोष्ट तिथे संपली असती तर नशीब. पण त्याच मुलांचा पुढे माग काढला, तेव्हा दिसले की त्या एका घसरणीमुळे काहींचे उच्च शिक्षण हुकले आणि मोठेपणी त्यांची कमाईही कमी राहिली. हवा दुसऱ्या दिवशी स्वच्छ झाली. गुणपत्रिका मात्र बदलली नाही.

आपल्याकडेही हे तपासले गेले आहे. 'प्रथम' ही संस्था खेडोपाडी मुलांच्या वाचनाची आणि गणिताची पाहणी करते, ती 'असर' या नावाने ओळखली जाते. तिच्या आकड्यांवर आधारलेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. हवेतील कण वाढले की ग्रामीण मुलांचे वाचन आणि गणित, दोन्ही घसरतात, असे त्यात आढळले.

आता इगतपुरी तालुक्यातला एखादा पाडा डोळ्यांसमोर आणा. बाहेर धुवाधार पाऊस. डोंगर हिरवेगार, हवा धुऊन काढल्यासारखी. पर्यटक गाड्या थांबवून छायाचित्रे घेतात. पण त्याच पाड्यावर कारवीच्या कुडाच्या घरात दार लावून घेतलेले असते, कारण पाऊस आत येतो. सरपण ओले असते. आई फुंकणीने चूल फुंकते आणि घरभर धूर कोंडतो. कपडे वाळत घालायला चुलीवरच दोरी बांधलेली, आणि उबेला तिथेच अभ्यासाला बसलेले पोर. चार महिने हे असेच चालते. पावसाळ्यातली बाहेरची हवा कुणी मोजली तर आकडा उत्तम येईल. त्या मुलाच्या नाकाशी असलेली हवा मात्र वेगळी असते. मुलाला 'डोळे चोळत बसतोस, लक्ष कुठे आहे?' असे गुरुजी विचारतात. उत्तर त्याच्या घराच्या छपरात साचलेल्या काजळीत असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले, की वर्षाच्या सरासरीने पीएम २.५ हे घनमीटरमागे पाच मायक्रोग्रॅमच्या आत असावे. आपल्या देशाची २००९ सालची मर्यादा चाळीस आहे. धुराच्या बंद स्वयंपाकघरात चूल पेटलेली असताना हा आकडा शेकड्यांत जातो.

उक्त्या कामाचा हिशेब

नाशिक जिल्हा द्राक्षांचा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी या भागांतली कुटुंबे हंगामात निफाड-दिंडोरीकडे बागांच्या कामाला जातात. छाटणी, विरळणी, खुडणी यांतले पुष्कळ काम उक्ते असते. जेवढा हात चालेल तेवढे पैसे.

कॅलिफोर्नियातही द्राक्षमळे आहेत आणि तिथे नगावर मजुरी घेणाऱ्या शेतमजुरांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. तिथला शत्रू होता जमिनीलगतचा ओझोन. हा वायू कुठल्या धुराड्यातून थेट निघत नाही. वाहनांच्या धुरातल्या वायूंवर कडक ऊन पडले की तो तयार होतो. त्याला रंग नाही, आणि शेतात उभे राहून तो ओळखता येत नाही. हवेतला ओझोन अब्जात दहा भागांनी कमी झाला, की मजुरांचे काम साडेपाच टक्क्यांनी वाढते, असे त्या अभ्यासात दिसले. त्या वेळी ओझोनची पातळी तिथल्या सरकारी मर्यादेच्या आतच होती.

तिकडचा आकडा जसाच्या तसा निफाडला लावता येणार नाही. ऊन वेगळे, माणसे वेगळी. पण अंदाज यावा म्हणून एक तोंडी हिशेब करू. समजा, उक्त्या कामात एक बाई दिवसाला पाचशे रुपये मिळवते. साडेपाच टक्के म्हणजे साडेसत्तावीस रुपये. शंभर दिवसांच्या हंगामात दोन हजार सातशे पन्नास. हे पैसे कुणी तिच्या पदरातून चोरले नाहीत, मुकादमाने कापले नाहीत, ते तिच्यापर्यंत पोचलेच नाहीत. आणि संध्याकाळी ती स्वतःलाच दोष देते, 'आज हात चालला नाही बाई.'

देशाच्या पातळीवरही असा हिशेब मांडला गेला आहे. 'लॅन्सेट'च्या एका नियतकालिकात डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०१९ साली भारतात हवेच्या प्रदूषणामुळे १६.७ लाख मृत्यू झाले. अकाली मृत्यू आणि आजारपण यांमुळे बुडालेले उत्पादन सुमारे २ लाख ६० हजार कोटी रुपयांचे होते. देशाच्या एकूण उत्पादनाच्या १.३६ टक्के. आकडा मोठा आहे, पण त्यात फक्त मेलेली आणि आजारी पडलेली माणसे धरली आहेत. जी माणसे कामावर गेली, पण त्यांचे डोके धुरकटलेले होते; ज्यांनी बेरीज चुकवली, टाका चुकवला, पेपरात प्रश्न गाळला, त्यांचे नुकसान या खात्यात नाही. रोजचे थोडेसे नुकसान कुणाला जाणवत नाही. ०.३५ टक्का म्हणजे काय, असे कुणीही म्हणेल. पण रोज, प्रत्येकाचे, वर्षानुवर्षे, असे गुणत गेलो की त्याचा डोंगर होतो.

धूर म्हणजे भरभराट?

'मग कारखाने बंद करायचे का? धुराडे विझले तर चूलही विझेल.' हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीही विचारला जात होता. मुंबईच्या गिरण्यांचा धूर हे भरभराटीचे लक्षण मानले जाई. तरीही मुंबईत १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा करावा लागला. त्या कायद्यानंतरही गिरण्या कित्येक दशके चालल्या.

दुसरे उदाहरण इगतपुरीच्या दारातले आहे. घाट चढून रेल्वे १८६५ साली इथे पोचली. चढ एवढा खडा, की ३७ फूट पुढे गेले की एक फूट वर. कोळशाच्या इंजिनाला चढावर जास्त कोळसा लागे, आणि बोगद्यात शिरले की धूर कोंडे. तो धूर इंजिनावरच्या ड्रायव्हर-फायरमनच्या छातीत जाई. १९३० च्या सुमारास या घाटात विजेची इंजिने आली. निर्णय झाला तो जड गाड्या लवकर वर चढाव्यात म्हणून. हिशेब क्षमतेचा होता. पण त्याच निर्णयाने घाटातल्या कामगारांची हवाही बदलली. स्वच्छ हवा आणि जास्त काम या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी नाहीत, हे घाटाने तेव्हाच सिद्ध केले. आजही कसाऱ्याला गाडीच्या मागे जोडली जाणारी बँकर इंजिने विजेचीच असतात.

तिसरे उदाहरण बंगळुरूच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांतले. हवेतील कण वाढले की शिलाईचा वेग घटतो, हे तिथे दिसलेच. पण २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. घट सगळ्यांची सारखी नव्हती. ज्याचा हात मंदावला आहे त्याच्याकडे लक्ष देऊन, त्याला दुसऱ्या कामावर बसवून, दुसऱ्याला त्याच्या जागी आणणाऱ्या सुपरवायझरच्या लाइनीचे नुकसान बरेच कमी झाले. ओरडण्याने हे झाले नाही, माणसाकडे पाहण्याने झाले. इगतपुरी तालुक्यात महामार्गालगत गोंदे, वाडीवऱ्हे इथे कारखाने आहेत. यंत्राला तेल वेळेवर मिळते की नाही हे पाहायला तिथे माणूस असतो. कामगाराला हवा कशी मिळते हे पाहणारा माणूस असला, तर तो खर्च नव्हे, गुंतवणूक ठरेल.

हाती काय आहे?

सगळेच आपल्या हाती नाही. मुंबई-आग्रा महामार्गावर घाट चढताना खालच्या गिअरमध्ये धापा टाकणारे ट्रक आपण थांबवू शकत नाही. २०१९ साली केंद्राने स्वच्छ हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, नाशिक शहर त्यात आहे. ती कामे सरकारने करायची आणि आपण विचारत राहायचे. पण काही गोष्टी घरच्या, गावच्या आहेत.

पहिली गोष्ट चूल. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि लाखो घरांत गॅसची शेगडी आली. पण सिलिंडर पुन्हा भरायला पैसे लागतात, म्हणून अनेक घरांत शेगडीवर फडके आणि चुलीत लाकूड, असे चित्र राहिले. सगळा स्वयंपाक गॅसवर जमत नसेल, तर निदान पावसाळ्यात आणि मुलांच्या अभ्यासाच्या वेळेला जमवावा. चुलीला धुराडे बसवणे, पावसापूर्वी सरपण वाळवून झाकून ठेवणे, मुलाची अभ्यासाची जागा चुलीपासून हलवणे, यांना फार पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट राब. भाताच्या रोपवाटिकेसाठी होळीनंतर शेतात पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून भाजण्याची आपल्या घाटमाथ्याची जुनी पद्धत आहे. तणाचे बी मरते, राख मिळते. ती अडाणीपणातून आलेली नाही. पण तिला पर्याय मिळाला आहे. डॉ. नारायण सावंत यांनी विकसित केलेल्या चारसूत्री भात लागवडीत राब न भाजता गादीवाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळतात आणि गिरिपुष्पाचा पाला शेतात गाडतात. झाडेही वाचतात आणि धूरही टळतो.

तिसरी गोष्ट प्रत्येकाच्या उंबरठ्याआतली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की डासांची एक कॉइल जळताना पीएम २.५ चे जेवढे कण सोडते, तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींतून निघतात. दारे-खिडक्या बंद करून, उशाशी कॉइल लावून आपण मुलांना झोपवतो आणि सकाळी 'उठवत नाही' म्हणून ओरडतो. मच्छरदाणी जुनी झाली, पण वाईट झाली नाही. आमच्या घरांत गुरुवारी संध्याकाळी लोबान फिरवतात, तुमच्या घरांत धूप आणि उदबत्ती. त्या सुगंधाशी आठवणी जोडलेल्या आहेत, त्या सोडा असे मी म्हणणार नाही. पण खिडकी उघडी ठेवावी, आणि त्याच खोलीत कुणी परीक्षेचा अभ्यास करत असेल तर थोडा वेळ थांबावे. देव काय, अल्ला काय, एवढ्याने रागावणार नाही.

आणि शाळा. वाट पाहणारी वाहने फाटकाशी इंजिन सुरू ठेवून उभी राहू नयेत. पटांगणातला पाला जाळण्याऐवजी खड्ड्यात कुजवावा. वर्ग झाडताना आधी पाणी शिंपडावे. परीक्षा केंद्र ठरवताना रस्त्याकडच्या खोल्या शक्यतो टाळाव्यात. यांतल्या एकाही गोष्टीला मंत्रालयातून आदेश यावा लागत नाही.

मित्रहो, शेवटी एवढेच सांगेन. आपल्या समाजात माणसाची किंमत त्याच्या हुशारीवर आणि कामाच्या वेगावर फार लवकर ठरवली जाते. तिसरीतले पोर वाचताना अडखळले, की त्याच्यावर शिक्का बसतो, आणि तो शिक्का ते पोर आयुष्यभर वागवते. शिक्का मारण्यापूर्वी एक करावे. ते पोर रात्री कुठे झोपते, कुठे अभ्यासाला बसते, तिथे खिडकी आहे का, चूल किती लांब आहे, हे कुणीतरी जाऊन पाहावे. गुरुजींनी पाहावे, आशाताईंनी पाहावे, शेजाऱ्याने पाहावे. कदाचित दोष पोराचा निघेलही. पण आधी हवा तपासू, मग पोराचे डोके तपासू. क्रम एवढा बदलला, तरी पुष्कळ मुलांवरचा अन्याय टळेल.